अंगणातला ऊस

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या आहेत आणि विचारांच्या चुका माझ्या मीच ठेवल्या आहेत. शाळेत दरवर्षी ‘माय गार्डन’ असा निबंध असायचा. आम्ही सगळ्या जणी त्यात रोझ, लिली आणि हिरवंगार लॉन लिहायचो. दहापैकी आठ मार्क ठरलेले! गंमत म्हणजे निबंध लिहिणाऱ्या एकीच्याही घरी लॉन नव्हतं. पारनेर तालुक्यात ते असणार तरी कुठून? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची की गवताला पाणी पाजायचं?

पण स्वप्नं बघायला टँकर लागत नाही. आमच्या काकांनी ते स्वप्न खरं करून दाखवलं.

आमचं घर पारनेरला. पारनेर म्हटलं की लोकांना सेनापती बापट आठवतात, राळेगणसिद्धी आठवतं, फार तर निघोजचे रांजणखळगे. माझ्यासाठी पारनेर म्हणजे आजीचं परस. परसात फार काही होतं असं नाही. एक लिंबू, एक कढीपत्ता, शेवगा, मोरीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ आणि अळू, तुळस, जास्वंद, कोपऱ्यात बोर. आणि बाकी सगळं ‘आपोआप आलेलं’. पावसाळ्यात टाकळा, आघाडा, घोळ, माका, कुंपणाला रुई आणि एरंड. हे काही आजीने लावलेलं नव्हतं, पण तिने उपटलंही नव्हतं. घोळ आणि टाकळ्याची भाजी व्हायची, आघाडा गौरीला लागायचा, रुईची पानं शनिवारी मारुतीला. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी निम्म्या तरी आजी चपलासुद्धा न घालता गोळा करून आणायची. आता विचार केला की वाटतं, पत्रीची यादी म्हणजे आपल्या लोकांनी जपून ठेवलेली ‘तणांची’ यादीच आहे. निदान वर्षातून एकदा तरी ही झाडं ओळखता आली पाहिजेत, एवढी सोय त्यात होती. मला मात्र डॅफोडिल कसं दिसतं ते माहीत होतं, आघाडा कसा दिसतो ते माहीत नव्हतं. असो.

मी बारावीत असताना घर नव्याने बांधलं. काकांनी हौसेने पुढच्या बाजूला लॉन करून घेतलं, कडेने पिवळ्या पानांचा ड्युरांटा, गेटपाशी दोन उंच सरळसोट अशोक. (हा आपला सीतेचा अशोक नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.) मागच्या परसात पेव्हर ब्लॉक बसवले. बोर गेली, कारण काटे. रुई गेली, कारण चीक. शेवगा गेला, कारण सुरवंट. लिंबू आणि कढीपत्ता तेवढे आजीने अक्षरशः झाडाला टेकून बसून वाचवले. फोटो फार छान आले. नातेवाईक म्हणाले, अगदी पुण्यातल्या बंगल्यासारखं दिसतंय!

आता या लॉनचा हिशेब मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मांडला. इंजिनिअरिंगचा घरी झालेला तेवढाच उपयोग. चाळीस फूट बाय वीस फूट, म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला निदान पाच मिलिमीटर तरी हवं. म्हणजे रोज ३७० लिटर. सरकारच्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. थोडक्यात आमच्या घरात आम्ही सहा जण राहत होतो आणि अंगणात आणखी जवळजवळ सात जण पालथे पडून पाणी पीत होते! ते ना कधी शेण देणार, ना दूध, ना भाजी.

पारनेर पर्जन्यछायेत येतं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. आमच्या शेजारच्याच नगर तालुक्यात हिवरेबाजार आहे. तिथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्या गावाची गोष्ट सांगताना सगळे जण बंधारे आणि चर सांगतात, पण मला त्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट वेगळी वाटते. गावाने ठरवलं की ऊस आणि केळी लावायची नाही, शेतीसाठी बोअर पाडायचं नाही. म्हणजे ‘माझ्या जमिनीत मी काय लावायचं’ हा प्रश्न फक्त माझा नाही, तो खालच्या पाण्याचा आहे आणि पाणी सगळ्यांचं आहे, हे त्यांनी मान्य केलं. शेतकऱ्याला हे समजतं. मग आपण बंगलेवाल्यांना का समजू नये? लॉन हा अंगणातला ऊस आहे. उसाची निदान साखर तरी होते.

पण पाण्याची गोष्ट सगळ्यांना पटते, कारण पाणी आपल्याला लागतं. मला खरं तर दुसरीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती जरा लाजिरवाणी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी घरी होते. वाचलेल्या लिंबावर अळ्या पडल्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या, किळसवाण्या. मग मोठ्या होऊन हिरव्यागार. हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. कोवळी पानं फस्त! मी दुकानातून औषध आणलं (आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, ही भाषेची कमालच आहे) आणि फवारायला लागले. आजी ओट्यावरून म्हणाली, “आगं, खाऊ दे की. झाडाला पानं काय एकदाच येत्यात?” मी म्हटलं, “आजी, तुला नाही कळत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली अळ्यांचा सडा होता. मला विजयी वगैरे वाटलं.

त्याच लिंबाला लागून कर्दळीचं एकच बेट राहिलं होतं. त्याच्या आडोशाला एका झुडपात शिंपी पक्ष्याने पान शिवून घरटं केलं होतं, हे मला माहीत होतं. कारण त्याची चिवचिव अंगठ्याएवढ्या पक्ष्याला न शोभेल इतकी मोठी असते. आत पिल्लं होती. नर-मादी दिवसभर तोंडात काहीतरी धरून ये-जा करायची. फवारणीनंतर त्यांच्या फेऱ्या लांबल्या. दूर कुठे कुठे जाऊन यायची. तिसऱ्या दिवशी घरट्यातून आवाज येईना. चौथ्या दिवशी मोठी पाखरंही दिसेनाशी झाली. पिल्लं उपाशी राहून मेली, की विषारी अळी खाऊन, की मांजराने नेली, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. व्हायवामध्ये असं उत्तर चालत नाही, पण हेच खरं आहे. आजी काहीच बोलली नाही. तिने बोललेलं मला जास्त बरं वाटलं असतं.

मग मी वाचायला सुरुवात केली आणि कळलं की त्या ‘किळसवाण्या’ अळ्या म्हणजे लिंबाचं फुलपाखरू. काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं, जे आपण सगळ्यांनी लहानपणी पकडायचा प्रयत्न केलाय. त्याची मादी लिंबू, कढीपत्ता, बेल अशा एकाच घराण्यातल्या झाडांवर अंडी घालते. गुलाबावर नाही घालत. ड्युरांटावर तर नाहीच नाही. पानात काय रसायन आहे ते पचवायची कला त्या अळीने हजारो पिढ्यांत कमावलेली असते, आणि ती एकाच घराण्यापुरती असते. रुईवर वाढणारं नारिंगी फुलपाखरू तर त्याहून हुशार. रुईचं विष अळी पोटात साठवते, आणि मग पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. टाकळ्यावर वेगळं, एरंडावर वेगळं. आणि आपण भाजी करून खातो त्या घोळावरसुद्धा एक देखणं फुलपाखरू वाढतं. आजीच्या परसात जे ‘आपोआप आलेलं’ होतं ते सगळं कुणाचं ना कुणाचं घर होतं.

हॉस्टेलवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर फुलं म्हणजे मेस आणि ज्या झाडाचं पान अळी खाते ते झाड म्हणजे हॉस्टेल. आपण फुलझाडं लावतो आणि म्हणतो बघा, बागेत फुलपाखरं येतात! येणारच, मेस चालू आहे ना. पण ती राहणार कुठे? पुढची बॅच कुठून येणार?

आणि हे फक्त फुलपाखरांपुरतं थांबत नाही. चिमणी दाणे खाते हे आपण बालवाडीत शिकलो. पण चिमणीच्या पिल्लाला पहिले काही दिवस दाणा चालत नाही, त्याला मऊ किडा-अळीच लागते. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात डग्लस टॅलमी नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी तिथल्या चिकडी नावाच्या चिमणीएवढ्याही नसलेल्या पक्ष्याचा हिशेब मांडला. एका घरट्यातली पिल्लं उडती होईपर्यंत आई-बाप सहा ते नऊ हजार अळ्या आणतात. हजार! आणि मी एका पंपात किती संपवल्या असतील? आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. त्या दिवशी आपण सगळे व्हॉट्सअॅपवर चिमणीचा फोटो टाकतो, कुणी लाकडी घरटं विकत आणतं, कुणी वाटीत पाणी ठेवतं. छानच आहे. पण घरट्याखाली लॉन आणि लॉनवर फवारणी असेल, तर आपण त्या चिमणीला स्वयंपाकघर नसलेला फ्लॅट दिला, एवढंच.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर काका हा अंक वाचणार आहेत. काका म्हणतात, “तुला बोलायला काय जातं? गवत वाढलं की फुरसं निघतं. पोरं अंगणात खेळतात.” यात खोटं काहीच नाही. आमच्याकडे फुरसं, घोणस दोन्ही आहेत, आणि विंचवाबद्दल तर बोलायलाच नको. पण आजीच्या काळीही हे सगळे होतेच की. ती घराभोवती चार-पाच पावलं जागा झाडून-सारवून लख्ख ठेवायची, सरपण घराला टेकून रचायची नाही, आणि रान होतं ते कुंपणाच्या कडेला. म्हणजे अंगण आणि परस यांच्यात एक रेष होती. आपण ती रेष पुसून सगळंच अंगण करून टाकलं.

दुसरा मुद्दा आमच्या ग्रुपमधल्या एकीने काढला. ती म्हणाली, मग परदेशी झाडं सगळी वाईटच का? अजिबात नाही! या न्यायाने आपल्या मेसमधली मिरची, बटाटा, टोमॅटो पहिल्यांदा हद्दपार करावे लागतील. (टोमॅटो तसाही भाजीत शोधावाच लागतो.) पेरू, सीताफळ, दसऱ्याचा झेंडूसुद्धा अमेरिकेकडूनच आलेला. झाडाचा पासपोर्ट बघून उपयोग नाही. माझ्या मते प्रश्न दोनच विचारावेत. हे झाड इथल्या कुणाच्या पोटाला लागतं का? आणि हे कुंपण ओलांडून पळणारं आहे का?

पळणाऱ्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणली. कुणा साहेबाच्या बागेत लाल-पिवळ्या फुलांनी छान दिसली असेल. आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंत जंगलंच्या जंगलं तिने गिळली आहेत. नद्यांवर पसरणारी जलपर्णी, तीसुद्धा तळ्यातल्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच आणली. कोनोकार्पस तर अगदी आपल्या काळातला. भराभर वाढतो, गुरं खात नाहीत, कायम हिरवा, म्हणून शहरांनी रस्तोरस्ती लावला, आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारवर त्याच्या लागवडीवर बंदी घालायची वेळ आली. ‘गुरं खात नाहीत’ हा नर्सरीवाल्यांच्या मते झाडाचा सगळ्यात मोठा गुण. जे झाड कुणीच खात नाही, ते हिरव्या प्लॅस्टिकपेक्षा किती वेगळं, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो.

माझा स्वतःचाही यात हातभार आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली तेव्हा मी शाळेत होते. आम्हाला बसमधून एका माळावर नेलं. तिथे ओळीने खड्डे तयार होते. आम्ही एकेक रोप लावलं, फोटो काढला, केळं खाल्लं, परत आलो. रोप गिरीपुष्पाचं होतं, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतलं झाड, शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी चांगलं. पण माळावर? तो माळ आम्हाला ‘ओसाड’ म्हणून सांगितला होता. सरकारी नोंदीतही अशा जमिनी ‘पडीक’ म्हणूनच असतात. प्रत्यक्षात आपल्या पारनेर-नगर-सोलापूरच्या माळांवर चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, खोकड आणि चिंकारा उघड्या गवतातच राहतात. माळढोक नावाच्या मोठ्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून अभयारण्य केलं. त्याला दूरवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो. आज इथे तो दिसणंही नशिबाची गोष्ट झाली आहे. त्याची कारणं बरीच आहेत, सगळा दोष झाडांना देणं अन्याय होईल. पण जिथे गवतच निसर्ग आहे तिथे झाड लावणं हेही एक प्रकारचं झाड तोडणंच आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने झाडं लावली ती बांध-बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीने. उघड्या झालेल्या उतारावरची माती धरायची होती. आपण त्यातला फक्त ‘झाडे लावा’ एवढाच भाग उचलला आणि पाठ केला.

घरचं काय झालं ते सांगते. या दिवाळीत मी आणि आजीने मिळून मागचे पेव्हर ब्लॉक काढले. सगळे नाही, कुंपणाच्या कडेचे तीन फूट रुंदीचे. काका दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पहार घेऊन आले. काही पेरलं नाही. आजी म्हणाली, “पाऊस झाला की येईल ज्याचं त्याचं.” लॉन अजून आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी बंद करायचं यावर घरात चर्चा सुरू आहे. म्हणजे काकू आमच्या बाजूने आहेत आणि काका पाहुण्यांच्या.

आता मुद्द्यावर येते, कारण हा लेख मी काकांसाठी लिहिलेला नाही.

आपल्या मेसच्या मागे जो पट्टा आहे, जिथे आपण उरलेल्या पोळ्या टाकतो आणि फोनवर बोलायला जातो, तो साफ करून तिथे लॉन, ड्युरांटाची कडा आणि बसायला सिमेंटचे बाक करायचा विचार सुरू आहे. कमिटी यायच्या आत. बाकाला माझा विरोध नाही, बाक हवेतच. सबमिशनच्या रात्री बसायला जागा नसते. पण त्या पट्ट्यात जुनी बाभूळ आहे आणि तिच्या खाली पडकी विहीर. गेल्या जूनमध्ये त्या बाभळीवर सुगरणींची अकरा घरटी मी स्वतः मोजली आहेत. सुगरण काटेरी झाड आणि खाली पाणी बघूनच घर बांधते, साप-मांजराला वर चढायला नको म्हणून. आणि विणायला तिला लांब पात्याचं गवत लागतं. लॉनचं पातं दीड इंचाचं. त्यातून काय विणणार, बटण?

म्हणून आम्ही सात जणींनी एक अर्ज लिहिलाय. बाभूळ ठेवावी, विहिरीला जाळी बसवावी (ती तशीही हवीच, गेल्या वर्षी एक मोबाईल आणि एक मांजर आत पडलं होतं, पैकी मांजर निघालं). बाक बसवावेत, वाट साफ ठेवावी. लॉनच्या जागी गवत आहे तसं राहू द्यावं आणि वर्षातून एकदा, पक्षी उडून गेल्यावर, दिवाळीनंतर कापावं. इंग्लंडमध्ये, जिथून हे लॉनचं खूळ आलं, तिथेच आता प्लँटलाइफ नावाची संस्था २०१९ पासून लोकांना सांगते की मे महिनाभर लॉन कापू नका, फुलं येऊ द्या, मधमाश्या जगू द्या. साहेबाने सोडलं म्हटल्यावर तरी आपल्याला सोडायला हरकत नसावी.

रेक्टर मॅडमनी अर्ज बघितला, नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, “सह्या किती आहेत?” आत्तापर्यंत बत्तीस आहेत, त्यात मेसच्या मावशी आणि माळीकाकाही. माळीकाकांनी सही करताना विचारलं की लॉन नसेल तर मग ते काय कापणार. मी म्हटलं, ड्युरांटा. ते हसले, पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर अर्जात नाही, ते आपल्याला शोधावं लागेल.

अर्ज गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे. बॉइज हॉस्टेलसाठी एक प्रत मेसच्या काउंटरवर ठेवली आहे. काम मे महिन्यात सुरू होणार असं ऐकते, आणि सुगरणी जूनमध्ये येतात. सही करायला पेन स्वतःचं आणा. दोऱ्याने बांधलेलं होतं ते कुणीतरी दोऱ्यासकट नेलं.